कोनशिलेला मिळतं, झाडूला मिळत नाही

आमच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात थंड पाण्याचं यंत्र आहे. स्टीलचं, दोन नळांचं. वर भिंतीत काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरांत एका गृहस्थांच्या कैलासवासी मातोश्रींचं नाव. उद्घाटनाला मांडव होता, शाल-श्रीफळ झालं, पेढे वाटले. तिसऱ्या उन्हाळ्यात यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने नऊ हजार सांगितले. मी देणगीदारांना फोन लावला. ते मनापासून म्हणाले, "अहो, जुनं काढून टाका, नवीन बसवून देतो की!" मी म्हटलं, नवीन नको, याचाच वर्षाच्या देखभालीचा करार करून द्या, निम्म्यात भागेल. पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, "पण त्याचा कार्यक्रम कसा करणार?"

माणूस वाईट नाही. त्या प्रश्नात लबाडीही नव्हती. पण मी अकरा वर्षं या वाचनालयाचा खजिनदार आहे, आणि या अकरा वर्षांत हा प्रश्न मी निरनिराळ्या शब्दांत निदान वीसदा ऐकलाय. खोलीला पैसे मिळाले, कपाटांना मिळाले, पंख्यांना मिळाले, सरस्वतीच्या मूर्तीला तर दोन दोन देणगीदार आले. वीजबिलाला आणि झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पगाराला आजवर कुणी पुढे आलं नाही. पंखा ज्यांच्या नावाचा, तो फिरवणारी वीज मात्र कुणाच्याच नावाची नाही.

दानशूर कुणाला म्हणायचं, हे ठरवताना आपण आकडा बघतो. किती दिले? मग फोटो बघतो. दिल्यानंतर ते काम रोज सकाळी कोण उघडणार, कशावर चालवणार आणि देणारा गेल्यावर ते कुणाचं राहणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते दानाची परीक्षा तिथेच आहे. हे सगळं आधी विचारून मग देणारे लोक याच मुलखात होऊन गेलेत, म्हणून जास्त चीड येते.

माहीमची गोष्ट घ्या. माहीम आणि वांद्रे यांच्या मध्ये खाडी. ये-जा नावेतून, पावसाळ्यात नावा उलटायच्या, माणसं बुडायची. कंपनी सरकार पूल बांधायला पैसे काढेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी स्वतःचे १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. रकमेपेक्षा मला त्यांची अट महत्त्वाची वाटते. या रस्त्यावर सरकारने टोल घ्यायचा नाही, ही ती अट. दात्याने अट घालायचीच तर ती कुणाच्या बाजूची असावी, याचा असा स्वच्छ नमुना दुसरा सापडणं कठीण. नाव द्या, पुतळा उभारा असलं काही नाही. उद्या कुणीतरी इथे नाका टाकून बसेल आणि माझ्या दानातून गल्ला भरेल, हे त्या बाईंना दिसत होतं. आज माहीम-दादरकडे रोज लाखो माणसं एल. जे. रोड, एल. जे. रोड म्हणतात. त्यातलं एल. जे. म्हणजे लेडी जमशेटजी, म्हणजेच या अवाबाई, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल देव जाणे.

आता त्यांच्या यजमानांबद्दल बोलायचं तर अफूबद्दलही बोलावं लागतं. जमशेटजींची बहुतेक संपत्ती चीनच्या व्यापारातली, आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफू होती. माळव्याची अफू मुंबईहून कँटनकडे जायची, तिकडे घरंच्या घरं उद्ध्वस्त व्हायची आणि इकडे भायखळ्याला जे. जे. रुग्णालय उभं राहायचं. यावर दोन सोपी उत्तरं आहेत. एक, जुन्या काळी सगळेच करत, सोडून द्या. दुसरं, पापाचा पैसा, पाटी उखडा. मला दोन्ही पटत नाहीत. पैसा डागाळलेला होता हे खरं, आणि १८४५ पासून तिथे गोरगरिबांना औषधपाणी मिळतंय हेही खरं. एकाने दुसरं धुतलं जात नाही. दोन्ही रकमा वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात, वजाबाकी करू नये.

पण त्या व्यापाऱ्याची एक चाल आजच्या देणगीदारांनी शिकण्यासारखी आहे. रुग्णालयासाठी एक लाख देताना सरकारनेही तेवढेच घालावेत, असा व्यवहार त्यांनी केला. म्हणजे नुसती इमारत बांधून दिली नाही, सरकारला त्यात बांधून घेतलं. रुग्णालय कुणा शेटजींच्या मर्जीवर राहिलं नाही. घराण्याचं वैभव वर गेलं, खाली आलं, केसपेपरची खिडकी रोज उघडत राहिली.

या रुग्णालयाला माणसं बरी करता येत होती, पण त्यांच्याबरोबर गावाहून आलेल्यांना झोपायला जागा देता येत नव्हती. शंभरएक वर्षांनी ती उणीव ज्याच्या लक्षात आली त्याच्या अंगावर चिंध्यांचा झगा होता, डोक्यावर खापर होतं आणि हातात झाडू.

गाडगेबाबांबद्दल आपण इतकं भाबडं लिहून ठेवलंय की त्यांचा व्यवहार कुणाला दिसतच नाही. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अक्षरओळख नाही. १९०५ मध्ये घर सोडलं. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, रात्री त्याच गावात कीर्तन. लोक पाया पडायला आले की चिडायचे. कीर्तनात पैसे जमायचे आणि ते जायचे धर्मशाळांना: पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू. मुंबईत जे. जे.च्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. ज्याच्या शब्दावर लाखो रुपये जमले, तो स्वतः मागून आणलेली भाकर त्याच खापरात खायचा. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पुढचं कमी सांगितलं जातं. पंढरपूरला चोखामेळ्याच्या नावाने त्यांनी धर्मशाळा बांधली, कारण दलित वारकऱ्यांना इतर ठिकाणी थारा नव्हता. पुढे १९४९ मध्ये ती इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मी यावर बराच विचार केलाय. घाम गाळून, दारोदार मागून उभी केलेली वास्तू. ती आपल्याच शिष्यमंडळींकडे ठेवणं सोपं होतं. पण जो समाज तिथे उतरत होता, त्याची मुलं शिकवण्याचं काम बाबासाहेबांची संस्था अधिक चांगलं करील, असं त्यांना वाटलं आणि किल्ल्या दिल्या. दान देणारे पुष्कळ. आपलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतके. नंतर १९५२ मध्ये बाकीच्या कामांसाठी मिशन स्थापन झालं, आणि १९५६ मध्ये बाबा गेले तेव्हा काम त्यांच्यावाचून चालू शकेल अशा अवस्थेत होतं. महाराज गेले आणि मठावरून खटले उभे राहिले, असं किती ठिकाणी पाहिलंय आपण!

बाबांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा मी आतून पाहिलीय. मामाला घशाचा कॅन्सर निघाला, गावच्या डॉक्टरांनी 'टाटाला न्या' म्हणून चिठ्ठी दिली. परळला पोहोचल्यावर पहिल्यांदा दिसला तो फुटपाथ. बिहारहून, बंगालहून, आपल्या नांदेड-परभणीहून आलेली माणसं प्लास्टिकच्या कागदाखाली बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर एक्सरेचं मोठं पाकीट. ते भिजू नये म्हणून माणूस स्वतः भिजत होता. आम्हाला धर्मशाळेत जागा मिळाली. तिथली एकच गोष्ट सांगतो. पहाटे साडेपाचला बादली सरकवल्याचा आवाज यायचा आणि फिनेलचा वास. किमो चालू असलेल्या माणसाला साधा संसर्गही महागात पडतो. त्यामुळे ती ओली फरशी म्हणजे उपचाराचाच भाग होता. मामा म्हणायचा, "इथं औषध पायाखाली हाय." ती फरशी पुसणाऱ्याला पगार कोण देतं, हे मी तेव्हा विचारलं नाही. खजिनदार झाल्यावर सुचलं.

टाटा रुग्णालयाची कथाही शेवटी याच प्रश्नापाशी येते. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दुसऱ्या वर्षी दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीत घातली होती. त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं रुग्णालय सुरू झालं. आणि मग १९५७ मध्ये विश्वस्तांनी ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे दिलं, १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. नाव टाटांचं, रोजचा खर्च देशाच्या तिजोरीतून. कुणाला यात कमीपणा वाटेल. मला उलट वाटतं. कॅन्सरसारख्या रोगाचा आयुष्यभराचा खर्च कुणा एका घराण्याच्या उदारपणावर टाकता येत नाही, हे ज्यांना कळलं त्यांनी सुरुवात करून दिली आणि बाजूला झाले. हल्ली सरकार एखाद्या शाळेचं छप्पर दुरुस्त करत नाही तेव्हा 'एखादा दानशूर शोधा' असं वरिष्ठ सुचवतात. दानशूराने सरकारचं काम करावं हा सरळ उलटा कारभार झाला.

बरं, नावाचं काय? माझे कार्यकारिणीतले मित्र म्हणतात, "तू पाट्यांवर उगाच खार खातोस. नाव लागणार नसेल तर देईल कोण?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याचा दाखला मीच देतो. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा पैशाची रड होती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये देऊ केले, विद्यापीठाला आपल्या आईचं नाव द्यावं या अटीवर. तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ, म्हणजे एसएनडीटी. कर्व्यांनी अट मानली. बरोबरच केलं. कारण त्या देणगीची रचना बघा: साडेतीन टक्क्यांनी वर्षाला ५२,५०० रुपये व्याज विद्यापीठाला मिळत राहावं. म्हणजे पैसा विटांत गेला नाही, प्राध्यापिकांच्या पगाराकडे वळला. आईचं नाव लावायचं तर असं लावावं. दर महिन्याला त्या नावाने कुणाचा तरी पगार निघतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला सातारा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या छत्रपती शिवाजी कॉलेजाचं नाव बदलाल तर मोठी रक्कम देतो, असा देकार आला होता आणि अण्णांनी तो धुडकावून लावला, ही हकिगत रयतेच्या आवारात आजही अभिमानाने सांगतात. त्यांना तो धुडकावणं परवडलं, याचं कारण मला महत्त्वाचं वाटतं. १९१९ मध्ये काले या गावी सुरू झालेली रयत शिक्षण संस्था एका शेटजीवर उभी नव्हती. मुष्टिफंड होता. बायका दळायला, रांधायला घेताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि ते वसतिगृहाच्या पोरांच्या ताटात जायचं. मोठा देणगीदार मिळेना म्हणून लक्ष्मीबाईंनी, अण्णांच्या पत्नीने, अंगावरचं सोनं मोडलं. शिवाय पोरं 'कमवा आणि शिका' म्हणत स्वतः राबत होती. मुठीला पाटी लावता येत नाही. हजार घरांचं धान्य खाल्लेलं पोर एका घराचं मिंधं राहत नाही.

मिंधेपणाचा हा मुद्दा बाबा आमट्यांनी सगळ्यात कडक शब्दांत मांडला. दान माणसाला मोडतं, काम उभं करतं, हे आनंदवनाचं ब्रीद. चौदा रुपये, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर वरोऱ्याच्या खडकाळ रानात विहीर खणायला घेतली, त्यामागे हाच विचार होता. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर आनंदवनालाही देणग्या लागल्या, अनुदान लागलं. दानावाचून चालत नाही. दान घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही असं ते पोहोचवावं लागतं. त्याला माणसं लागतात. हिशेब ठेवणारी, औषध देणारी, रात्री जागणारी. त्या माणसांना पगार लागतो.

आणि नेमकं इथेच कायदासुद्धा आमच्या ग्रॅनाइटवाल्या देणगीदारांच्या बाजूचा आहे. कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावणारा कायदा २०१३ चा, लागू झाला १ एप्रिल २०१४ पासून. चांगलीच गोष्ट. पण त्या खर्चात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात तर हीच मर्यादा आधी ५० टक्के होती, २०२० मध्ये ती २० वर आणली. हे नियम का आले ते मलाही कळतं. समाजसेवेच्या नावावर गाड्या उडवणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण चोर पकडायला लेखापरीक्षण असतं, धर्मादाय आयुक्त असतात. त्याऐवजी पगारावर गेलेला रुपया म्हणजे वाया गेलेला रुपया अशी समजूतच कायद्यात शिरली, आणि कंपन्यांनी तीच पट्टी संस्थांना लावली. मग संस्था काय करतात? हिशेबनिसाला 'प्रशिक्षण समन्वयक' म्हणून दाखवतात. प्रामाणिक माणसांना खोटी शीर्षकं शोधायला लावणारा हा नियम आहे.

सिनेमातली मंडळी या कामात उतरली तेव्हा आमच्या पिढीने नाकं मुरडली. मीही मुरडलं होतं. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या बायकांना मराठवाड्यात जाऊन १५,००० चे धनादेश दिले, त्यातून 'नाम' संस्था झाली. पंधरा हजारांत काय होतं, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आता असं म्हणणार नाही. पेरणीच्या तोंडावर सावकाराकडे न जाता बियाणं घेता येतं, एवढं तरी होतं. आमिर खान यांच्या 'पानी फाउंडेशन'ने २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत गावांची पाणी अडवण्याची स्पर्धा लावली, कोरेगावचं वेळू पहिलं आलं. नटाचं नाव होतं म्हणून गाव हललं हे खरं असेल. पण नटाने तिथे बंधारा बांधून दिला नाही. गावातल्या लोकांना शिकवलं, माथ्यापासून पायथ्याकडे या, चर कुठे घ्यायचा ते पाण्याला विचारा, आणि मग लोकांनी टिकाव मारले. शिकलेली माणसं गावातच राहिली, हे मला त्यातलं खरं देणं वाटतं.

फक्त एक विचारायचं राहतं. समतल चर काही वर्षांत गाळाने भरतात. पहिल्या श्रमदानाला कॅमेरे होते, ढोल होते, शहरातून पोरं बसने आली होती. गाळ काढायला कुणाची बस येते? ज्या गावांनी त्यासाठी ग्रामसभेत दरवर्षीचा दिवस ठरवून टाकलाय, तिथे पाणी आहे. बाकीच्यांकडे आठवणी आणि प्रमाणपत्र आहे.

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. नाव लिहू नका, ही त्यांची पहिली अट, म्हणून लिहीत नाही. त्यांनी विचारलं, "वाचनालयाचं वर्षाचं वीजबिल किती येतं?" असा प्रश्न अकरा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, त्यामुळे मी आधी गडबडलोच. मग वह्या काढल्या. त्यांनी स्वतः बारा महिन्यांची बेरीज केली, बँकेचा व्याजदर विचारला, मागच्या कागदावर उलटं गणित मांडलं आणि म्हणाल्या, "एवढ्याची मुदत ठेव करू. मूळ रकमेला हात लावायचा नाही. व्याज उरलं तर मावशींना दिवाळीला द्या."

कार्यकारिणीच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच पाटी कुठे लावायची यावर चर्चा सुरू झाली. बाई नको म्हणाल्यात हे मी तीनदा सांगितलं. अध्यक्षांना ते पटेना. नाव नाही तर निदान 'एका हितचिंतकाकडून' असं तरी लिहू, पण लिहू. मग जागा कुठे? पंख्यांवर नावं आहेत, कपाटांवर आहेत, थंड पाण्याच्या यंत्रावर तर आहेच. पाऊण तास गेला. शेवटी कुणीतरी मीटरच्या पेटीचं दार सुचवलं. मी पाहून आलो. तिथे महावितरणचा धोक्याचा फलक आहे, दुसऱ्या पाटीला जागा नाही. इतिवृत्तात 'विषय पुढील सभेत' असं लिहिलं आणि उठलो. यंत्र अजून बंदच आहे. मावशी सकाळी माठ भरून ठेवतात.